ऋतुचक्र आणि अंडी व्यवसायाची नफाक्षमता : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

भारतीय शेतीच्या इतिहासलेखनात मान्सून, दुष्काळ, सिंचन आणि नगदी पिके यांना मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. त्या तुलनेत कुक्कुटपालनाकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. हा व्यवसाय छपराखाली चालतो, पिंजऱ्यात चालतो, म्हणून तो ऋतूंच्या कचाट्यातून सुटलेला आहे असा समज त्यामागे असावा. वस्तुस्थिती वेगळी आहे. अंड्यांचे उत्पादन, अंड्याच्या कवचाची जाडी, खाद्याची किंमत, रोगाचा प्रादुर्भाव आणि ग्राहकाची मागणी या पाचही गोष्टी ऋतुमानाशी बांधलेल्या आहेत. १९५०-५१ मध्ये भारतातील अंडी उत्पादन सुमारे १८३ कोटी होते. १९८०-८१ मध्ये ते सुमारे १,००० कोटींवर आणि २०२२-२३ मध्ये सुमारे १३,८३८ कोटींवर पोहोचले. एवढी प्रचंड वाढ होऊनही चैत्र-वैशाखातील ऊन आणि श्रावणातील मंदी हे दोन शब्द आजही अंडी उत्पादकाच्या जमाखर्चावर राज्य करतात.

प्रस्तुत लेखात या विरोधाभासाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. तंत्रज्ञानाने ऋतूचा प्रभाव नाहीसा केला, की त्या प्रभावाचे केवळ स्वरूप बदलले, आणि बदललेल्या स्वरूपाचा भार कोणावर पडला, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

उद्दिष्टे :

१) हवामान आणि अंडी उत्पादन यांतील शारीरिक संबंध स्पष्ट करणे.
२) परसातील कोंबडीपालनापासून व्यावसायिक कुक्कुटपालनापर्यंतच्या वाटचालीत ऋतुमानाची भूमिका कशी बदलत गेली याचा मागोवा घेणे.
३) उत्पादन आणि मागणी यांच्या ऋतुचक्रातील विसंगतीचा नफाक्षमतेवर होणारा परिणाम तपासणे.
४) लहान उत्पादकाच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ लावणे.

विवेचनासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

उष्णता आणि कोंबडीचे शरीर :

इतिहासाकडे वळण्यापूर्वी शरीरशास्त्राची बाजू ध्यानात घेणे आवश्यक आहे. कोंबडीचे शरीर-तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि तिला घर्मग्रंथी नसतात. त्यामुळे घामावाटे शरीर थंड करण्याची सोय तिला नाही. साधारणतः १८ ते २४ अंशांच्या दरम्यान अंडी देणारी कोंबडी सुखाने राहते. तापमान तिशीपलीकडे गेले की ती पंख पसरते, चोच उघडी ठेवून धापा टाकू लागते आणि श्वासावाटे बाष्प बाहेर टाकून शरीर थंड ठेवण्याचा प्रयत्न करते. या धापा टाकण्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते, रक्ताची आम्ल-अल्क समतोल स्थिती बिघडते आणि कवच तयार होण्यासाठी लागणारे कॅल्शियम व बायकार्बोनेट कमी पडतात. त्यातच उष्णतेमुळे कोंबडी खाद्य कमी खाते, म्हणजे पोषणही घटते. परिणामी अंडी संख्येने कमी, वजनाने हलकी आणि कवचाने पातळ होतात. तापमान चाळिशीच्या आसपास गेल्यास मरतुक वाढते.

आर्द्रतेची बाजू याला जोडूनच येते. धापा टाकून शरीर थंड होण्यासाठी हवा कोरडी असावी लागते. म्हणून विदर्भातील किंवा खानदेशातील कोरडा उन्हाळा अंगाची लाही करणारा असला तरी छपरावर पाणी शिंपडून व गोणपाटाचे पडदे ओले करून त्याची तीव्रता कमी करता येते. कोकणात तापमान तुलनेने कमी असूनही दमट हवेमुळे हा उपाय तितका लागू पडत नाही. घाटमाथ्याच्या पूर्वेस, सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेले पुणे या दृष्टीने मध्यम हवामानाचे ठिकाण आहे. मुंबईची बाजारपेठ जवळ आणि हवा मानवणारी, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्याने पुणे परिसर राज्यातील कुक्कुट व्यवसायाचे केंद्र बनण्यास भौगोलिक आधार मिळाला असे म्हणता येईल.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. युरोपातील जुन्या अंडी व्यवसायात ऋतूचा प्रश्न प्रामुख्याने प्रकाशाचा होता. लंडनच्या अक्षांशावर उन्हाळ्यातील व हिवाळ्यातील दिवसमानात जवळजवळ नऊ तासांचा फरक पडतो. दिवस लहान झाला की कोंबडी अंडी देणे थांबवते, म्हणून तेथे हिवाळा हा टंचाईचा आणि वसंत हा सुबत्तेचा काळ असे. पुण्याच्या अक्षांशावर हा फरक सुमारे सव्वादोन तासांचाच आहे. म्हणून युरोपात विजेचा दिवा आला आणि ऋतूचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. आपल्याकडे दिवा लावून सोळा तासांचा प्रकाश देता आला, पण उष्णतेचा प्रश्न तसाच राहिला. आयात तंत्रज्ञानाने येथील ऋतूला पूर्णपणे वश का केले नाही, याचे एक उत्तर या फरकात आहे.

परसातील कोंबडी : ऋतूचे निर्विवाद राज्य

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातील कोंबडीपालन म्हणजे परसातील गावरान कोंबड्या. वर्षाला पन्नास-साठ अंडी देणारी ही कोंबडी ठराविक काळ अंडी देई, नंतर खुडूक होऊन अंडी उबवायला बसे आणि पिल्ले मोठी होईपर्यंत पुन्हा अंडे देत नसे. खळ्यावर धान्य सांडलेले असे त्या दिवसांत, म्हणजे सुगीनंतर थंडीत, तिला खायला भरपूर मिळे. वैशाखात दाणा आणि पाणी दोन्ही दुर्मीळ होत. पावसाळ्यात ओल, मुंगूस-घारींचा उपद्रव आणि रोग यांमुळे पिल्ले दगावत.

या व्यवस्थेत खर्च जवळजवळ शून्य असल्याने तोटा ही संकल्पनाच लागू होत नव्हती. कोंबडी ही घरातील स्त्रीची हातखर्चाची पुंजी होती. ती गेली तर पुंजी जाई, परंतु कर्ज मागे उरत नसे. अपवाद होता तो साथीचा. १९२७ मध्ये कुमाऊँमधील राणीखेत येथे ज्याची नोंद झाली तो राणीखेत रोग, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, एका आठवड्यात गावातील सारी खुराडी रिकामी करीत असे. १९४० च्या दशकात मुक्तेश्वर येथील संशोधनातून या रोगावर परिणामकारक लस तयार झाली. व्यावसायिक कुक्कुटपालनाचा खरा पाया येथे घातला गेला, कारण हजारो पक्षी एका छपराखाली ठेवण्याचे धाडस त्याशिवाय कोणी केले नसते.

संकरित कोंबडी आणि ऋतूशी नवा करार (१९५६ ते १९८१) :

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९५६-६१) मुंबईसह पाच ठिकाणी प्रादेशिक कुक्कुट प्रक्षेत्रे स्थापन करण्याचे धोरण आखले गेले. परदेशी जातींपैकी व्हाइट लेगहॉर्न ही येथे सर्वाधिक रुजली. तिचे हलके शरीर, मोठा लालभडक तुरा आणि कमी खाद्यात अंडे देण्याची क्षमता ही त्यामागील कारणे होत. तुऱ्यावाटे शरीरातील उष्णता बाहेर पडते. ऱ्होड आयलंड रेडसारख्या जड जातींपेक्षा लेगहॉर्न उष्ण हवेत टिकते. म्हणजे जातीच्या निवडीतही हवामानाचा हात होता.

१९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज या संस्थेची स्थापना केली. पुढे पुणे हे या समूहाचे केंद्र झाले. याच सुमारास चौथ्या पंचवार्षिक योजनेतील लघु शेतकरी विकास अभिकरणाद्वारे शेतीला पूरक धंदा म्हणून कोंबडीपालनासाठी कर्ज व अनुदान देण्यात येऊ लागले. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळाची पार्श्वभूमी याला होती. पावसावर अवलंबून नसलेले उत्पन्न ही या योजनेची मोहिनी होती. तथापि, पावसाचे अवलंबन येथे मागील दाराने परत येते. कोंबडीच्या खाद्यात मका हा मुख्य घटक आणि मक्याचे मोठे पीक खरिपाचे. एकूण उत्पादन खर्चात खाद्याचा वाटा साधारणतः ६५ ते ७० टक्के असतो. दुष्काळी वर्षी मका महागला की ज्या शेतकऱ्याची शेती बुडाली, त्याचा पूरक धंदाही त्याच कारणाने अडचणीत येतो.

पावसाळ्याचा आणखी एक अदृश्य खर्च साठवणीतील बुरशीचा आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी बुरशी लागलेल्या भुईमूग पेंडीमुळे मेले आणि त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन या विषाची ओळख झाली. भारतीय कोंबडी-खाद्यातही भुईमूग पेंडीला मोठे स्थान होते. दमट हवेत साठवलेला मका आणि पेंड यांतून हे विष यकृतावर आघात करते व अंडी घटतात. पुढील काळात सोयाबीन पेंडीने भुईमूग पेंडीची जागा घेतली. त्यातून एक धोका कमी झाला, पण व्यवसाय सोयाबीनच्या बाजारभावाशी बांधला गेला. २०२१ मध्ये सोयापेंडीचे दर इतके भडकले की केंद्र शासनाला त्या वर्षी ऑगस्टमध्ये जनुकीय सुधारित सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास अनुमती द्यावी लागली.

मागणीचे पंचांग :

उत्पादनाचा ऋतू हवामान ठरवते, तर मागणीचा ऋतू हवामान आणि पंचांग मिळून ठरवतात. अंडे उष्ण असते या समजुतीमुळे उन्हाळ्यात खप उतरतो आणि थंडीत चढतो. आषाढ संपला की श्रावणात महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे मांसाहार व अंडी वर्ज्य करतात. पुढे गणेशोत्सव, नवरात्र आणि मार्गशीर्षातील गुरुवार आहेतच.

या पंचांगाचा एक बारकावा बाजारपेठेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात अमान्त मास पाळला जातो, तर उत्तर भारतात पौर्णिमान्त. त्यामुळे उत्तरेकडील श्रावण आपल्यापेक्षा पंधरवडाभर आधी सुरू होतो. देशभरातील बाजारपेठा एकमेकींशी जोडल्या गेल्यानंतर एका राज्याचा श्रावण दुसऱ्या राज्याच्या दरावर परिणाम करू लागला. मंदीचा एकत्रित काळ सुमारे दीड महिन्याचा होतो. तमिळनाडूत पुरत्तासी महिन्यात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, खप घटतो आणि नामक्कलसारख्या मोठ्या उत्पादन केंद्रातील शिल्लक माल अन्य बाजारांवर दबाव आणू शकतो. २००४ आणि २०२३ या वर्षी अधिक श्रावण आला. निज श्रावण धरून दोन महिन्यांचा श्रावण म्हणजे अंडी उत्पादकाच्या दृष्टीने लांबलेली मंदी होय.

अंडी नाशवंत असल्याने उन्हाळ्यातील व पावसाळ्यातील माल हिवाळ्यासाठी राखून ठेवणे सामान्य उत्पादकाला शक्य नसते. शीतगृह ज्याच्या हाती, त्याच्या हाती ऋतूतील फरकाचा नफा. १९८० च्या सुमारास हा हात बहुतांशी व्यापाऱ्याचा होता.

१९८२ : दराचे संघटन

१९८१-८२ च्या सुमारास अंड्यांचे दर उत्पादन खर्चाच्या खाली गेले आणि अनेक उत्पादक व्यवसायातून बाहेर पडले. या संकटातून १९८२ मध्ये डॉ. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, अर्थात एनईसीसी, स्थापन झाली. दर व्यापाऱ्याने नव्हे तर उत्पादकाने सुचवावा, हे तिचे मूळ सूत्र होते. विभागवार दर जाहीर करणे, अतिरिक्त माल बाजारातून उचलणे आणि ‘संडे हो या मंडे’ या घोषणेने सर्वपरिचित झालेली प्रचारमोहीम ही तिची प्रमुख कार्ये होत.

ऋतूच्या इतिहासाच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व वेगळे आहे. ‘रोज’ अंडे खाण्याचा आग्रह हा मागणीचा ऋतू मोडण्याचा प्रयत्न होता. दूरदर्शनवरील जाहिरातीने आहारातील समजुतींशी प्रथमच देशव्यापी पातळीवर संवाद साधला. खप वाढला हे निर्विवाद. मात्र मागणीचे चढउतार संपले नाहीत. एकूण पातळी उंचावली आणि त्या उंचावलेल्या पातळीवर तेच चक्र पुन्हा फिरू लागले. शालेय पोषण आहारासारख्या योजना मागणीला वर्षभराचे स्थैर्य देऊ शकतात. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला, परंतु जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबविला. धोरणाचे सातत्य नसेल तर असा आधार टिकत नाही.

नफ्याचे गणित : एक उदाहरण

उन्हाळ्यात नेमके काय घडते हे पाच हजार कोंबड्यांच्या एका काल्पनिक युनिटवरून समजून घेता येईल. हे आकडे केवळ स्पष्टीकरणासाठी आहेत. थंडीत ९० टक्के उत्पादन धरल्यास रोज ४,५०० अंडी मिळतील. प्रति पक्षी ११० ग्रॅम प्रमाणे ५५० किलो खाद्य लागेल. फूट दोन टक्के धरल्यास विक्रीयोग्य अंडी ४,४१० उरतात. उन्हाळ्यात उत्पादन ८० टक्के, खाद्य १०० ग्रॅम आणि फूट पाच टक्के धरल्यास ४,००० पैकी ३,८०० अंडी विकली जातील व ५०० किलो खाद्य लागेल.

येथे लक्षणीय बाब अशी की विक्रीयोग्य अंड्यामागे खाद्य १२५ ग्रॅमवरून १३२ ग्रॅमवर, म्हणजे पाच-सहा टक्क्यांनीच वाढते, कारण कोंबडी खातेही कमी. पण मजुरी, वीज, लसीकरण आणि कर्जाचा हप्ता हे खर्च कमी होत नाहीत. त्यांचा प्रति अंडी भार सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. त्याच वेळी दर उतरलेला असतो. यावरून असे दिसते की उन्हाळ्याचा आघात खाद्यावर जितका होतो त्याहून अधिक स्थिर खर्चावर व दरावर होतो. ज्याच्यावर कर्ज अधिक, त्याचा उन्हाळा अधिक कडक.

यावरील जुना उपाय म्हणजे तुकडीची वेळ साधणे. एप्रिलच्या मध्यास एक दिवसाची पिल्ले आणली तर उष्ण हवेमुळे कृत्रिम ऊब देण्याचा खर्च वाचतो. वीस आठवड्यांनी, सप्टेंबरच्या आरंभी, तलंगा अंड्यावर येतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून, नेमक्या तेजीच्या तोंडावर, उत्पादन शिखर गाठते. परंतु हीच तुकडी पुढील उन्हाळा वाढत्या वयात गाठते. वयानुसार अंडे मोठे व कवच पातळ होत असतेच, त्यात उष्णतेची भर पडून फूट वाढते. ७२ आठवडे पूर्ण होतात तेव्हा ऑगस्ट संपत आलेला असतो. म्हणजे म्हाताऱ्या कोंबड्या विकायची वेळ बहुधा श्रावणाच्या आसपास येते. म्हणून अनुभवी उत्पादक आषाढातच पक्षी काढतात. शिवाय सर्वांनीच ही वेळ साधली तर हिवाळ्यात आवक वाढून तेजी विरघळते. मोठे उत्पादक वर्षभरात अनेक तुकड्या घेऊन जोखीम विभागतात. एकाच शेडचा मालक सर्व पत्ते एकाच डावात लावतो.

रोगाचा ऋतू : नवापूर २००६ आणि त्यानंतर

हिवाळा हा नफ्याचा काळ, पण बर्ड फ्लूचा विषाणू थंड हवेत अधिक काळ टिकतो आणि स्थलांतरित पक्षी याच मोसमात येतात. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे एच५एन१ विषाणूचा देशातील पहिला उद्रेक निश्चित झाला. मोठ्या संख्येने पक्षी नष्ट करण्यात आले. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही प्रादुर्भाव आढळला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे आणि पुढील महिन्यात पुन्हा नवापूर येथे हा रोग उद्भवला.

या घटनांनी ऋतूच्या हिशेबाची एक कडी उघड केली. उन्हाळा आणि श्रावण यांची तूट हिवाळ्यातील तेजीने भरून काढायची, या गृहीतावर साऱ्या व्यवसायाचे अर्थकारण उभे होते. रोग नेमका त्या तेजीवर येतो आणि लागलीच पुढे उन्हाळा उभा असतो. शासकीय भरपाई रोगग्रस्त परिघात नष्ट केलेल्या मालासाठी असते. शेकडो मैल दूर असलेल्या, निरोगी कोंबड्यांच्या मालकाचे अंडे अफवेमुळे पडून राहिले तर त्याच्यासाठी अशी तरतूद नव्हती.

दरम्यान तंत्रज्ञानाने नवी फाळणी घडवली. नियंत्रित तापमानाची, ओल्या पडद्यांची व पंख्यांची बंदिस्त शेड मोठ्या भांडवलदाराला परवडते. लहान उत्पादक छपराला चुन्याचा पांढरा लेप, शेडची पूर्व-पश्चिम लांबी, गोणपाट, फवारे, पाण्यातून जीवनसत्त्व क आणि पहाटेच्या गारव्यात खाद्य यांवरच भिस्त ठेवतो. हे उपाय उपयुक्त आहेत, पण उष्णतेच्या लाटा जसजशा तीव्र होतील तसतशी त्यांची मर्यादा जाणवेल.

निष्कर्ष :

१) उष्ण कटिबंधातील अंडी व्यवसायाचा ऋतू हा मुख्यतः उष्णतेचा ऋतू आहे, म्हणून समशीतोष्ण देशांतील प्रकाश-व्यवस्थापनाने तो पूर्णपणे आटोक्यात आला नाही.
२) परसातील व्यवस्थेत ऋतूचा फटका अंड्यांच्या संख्येला बसत असे. व्यावसायिक व्यवस्थेत तो दर, स्थिर खर्च आणि कर्ज यांच्या मार्गाने बसतो. ऋतूचा प्रभाव नाहीसा न होता त्याचे स्थलांतर झाले.
३) उत्पादन आणि मागणी यांची ऋतुचक्रे वेगवेगळी आहेत. त्यांच्यातील अंतराचा लाभ साठवण क्षमता व अनेक तुकड्या असणाऱ्यास मिळतो, तर तोटा एकाच शेडच्या मालकाकडे जातो.
४) १९८२ च्या संघटनाने व्यापाऱ्याचे वर्चस्व कमी करण्याचा मार्ग दाखविला, परंतु ऋतूतील जोखीम सर्व उत्पादकांत समान वाटली गेली नाही.
५) कर्जाचे हप्ते ऋतूनुसार आखणे, सहकारी तत्त्वावर शीतगृहे उभारणे आणि उष्णतेने होणाऱ्या मरतुकीसाठी सुलभ विमा देणे, या उपायांचा धोरणकर्त्यांनी विचार करणे अगत्याचे आहे.

सत्तरच्या दशकात दुष्काळाला पर्याय म्हणून ज्या शेतकऱ्याच्या हाती हा पूरक धंदा दिला गेला, तो आज या व्यवसायात किती प्रमाणात उरला आहे, हा प्रश्न इतिहास, अर्थशास्त्र व भूगोल या तिन्ही विषयांच्या अभ्यासकांचा आहे. ग्रामीण महाविद्यालयांच्या परिसरात अशा युनिटांच्या जुन्या खतावण्या, खाद्याची बिले आणि बँकेची पासबुके अद्याप घराघरांत पडून आहेत. ती वेळीच संकलित झाल्यास उन्हाळ्याची आणि श्रावणाची किंमत नेमकी कोणी मोजली याचा लेखाजोखा पुढील पिढीच्या अभ्यासकांना मांडता येईल.